नानांचा बंब आणि अम्माची पेटी

“कोणी ओढलं? मला कोणी ओढलं?”

मुंबईच्या बंदरात, होडीच्या कडेला, पाण्यातून वर आलेला एक तांब्याचा बंब ओरडत होता. बंबात आमचे फिटरनाना होते. दोरी माझ्या हातात होती, त्यामुळे उत्तर द्यायची मला घाई नव्हती.

नाना अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आणि माझे शेजारी. छाती अशी, की अंबरनाथच्या देवळापाशी घेतलेला श्वास कुळगावच्या वेशीवर सोडायचे. वाटेत कोणी रामराम घातला तर नुसता हात वर. तोंड उघडायचे नाहीत. पण खरी ख्याती मापाची. “अंदाजे” हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता. भात किती वाढू म्हटलं तर “सव्वा मूद” म्हणायचे, आणि वहिनी बिचाऱ्या पाव मुदीसाठी वाटी शोधत बसायच्या.

उल्हासनगरच्या निर्वासितांच्या छावणीत एका सिंधी म्हातारीच्या दाराला कडी बसवायला ते गेले आणि अडकले. ही अम्मा फाळणीनंतर कराचीहून बोटीने आली, तेव्हा मुंबईच्या बंदरात उतरताना तिची लोखंडी पेटी समुद्रात पडली होती. पेटी येईल तेव्हा ठेवायला तिने खोलीच्या कोपऱ्यात चार विटा मांडल्या होत्या. त्यांवर पाण्याचा तांब्यासुद्धा ठेवू द्यायची नाही. पेटीत काय आहे विचारलं तर म्हणाली, “घर है.”

“निकालता हूं,” नाना म्हणाले. “बोट से कितना दूर गिरा?”

“यहां से नल जितना.”

नानांनी दारापासून नळापर्यंत पावलं मोजली. एक्केचाळीस. कागदावर लिहून घेतली.

मग तयारी. घरचा बंब कापून त्याला मोटारीच्या दिव्याची काच बसवली. हवेसाठी लॉरीच्या टायरचा पायपंप आणि रबरी नळी. कमरेला अम्माच्या जावयाच्या दुकानातली दोन पाचशेरी वजनं. वहिनी म्हणाल्या, “आंघोळीचं पाणी आता तुमच्या डोक्यावर तापवू का?”

“दोन महिने बारा दिवस थांब,” नाना म्हणाले.

सराव बेलवलीच्या विहिरीत. मी काठावर, पाय पंपावर, हातात दोरी. दोरीला एक झटका म्हणजे हवा वाढव, दोन म्हणजे वर ओढ. त्या उन्हाळ्यात नानांनी विहिरीतून इतकी भांडी काढली, की कल्याणपर्यंतच्या तांबटांनी दुकानं बंद करायची तेवढी राहिली.

“नाना, माजी कळशी घावली का वो?”

“तुमची नाही. तुमच्या सासूबाईंची घावली.”

“ऱ्हाऊं द्या मंग तितंच.”

सगळं पाठ झालं. फक्त एक गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही. विहीर हलत नाही.

बंदरात होडी लाटेवर चढली की दोरीला एक झटका, उतरली की दुसरा. झाले दोन. मी इमानदारीत ओढायचो. नाना वर येऊन ओरडायचे आणि पुन्हा जायचे. असं सतरा वेळा. होडीवाला कोळी बिडी विझवून म्हणाला, “नाना, ह्यो दर्या हाय. तुमची बाव न्हाय.”

अठराव्या वेळी नानांनी दम भरला, “काही झालं तरी ओढायचं नाही.”

मी ओढलं नाही. खरे दोन झटके आले तेव्हाही ओढलं नाही. पंपाची नळी होडीखाली मुरगळली होती. शेवटी कमरेची वजनं सोडून नाना आपले आपणच वर आले. निळे. त्या दिवशी कामाला आला तो अंबरनाथचा श्वास. वजनं अजून तिथंच आहेत.

“तळ लागला?” मी विचारलं.

“नाही.”

किती हात खोल गेले ते सांगितलं नाही. मापाशिवाय बोललेले नाना मी पहिल्यांदा पाहिले.

पुढे वहिनींनी तो कापलेला बंब डाख लावून सांधून पुन्हा न्हाणीघरात घेतला. काचेतून पाणी उकळताना दिसायचं. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतताना आधी छावणीत जायचं होतं.

अम्मा दारातच होती. “मिली?”

नानांनी टोपी काढली. “हां अम्मा. हाथ लगा. लेकिन गाळ में फसी है. निकलती नहीं.”

मी विटांकडे बघत राहिलो.

“ताला था?”

“था. पितळ का,” नाना म्हणाले. “साडेतीन इंच. किल्ली का भोक नीचे.”

“लगा हुआ है?”

“पक्का.”

अम्मा आत गेली. चहाचे दोन पेले घेऊन आली आणि जागा नव्हती म्हणून त्या चार विटांवर ठेवले.

“फिर ठीक है,” म्हणाली. “रहने दो.”