मावशीचं रिकामं पोट

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार कलबुर्गीच्या एका रक्तपेढीतल्या अण्णांचे आहेत. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

आईला पूर्वी बऱ्याचदा रक्त दिलं होतं. त्यामुळं तिच्या रक्तात अँटीबॉडी तयार झाल्या आणि तिच्याच गटाचं रक्तही तिला चालेना. माझंसुद्धा चाललं नाही. रक्त जुळतंय का ते बघायला अण्णा नळी उजेडाकडं धरत, आधी नकारार्थी मान हलवत, मग बोलत. "गट एक म्हणून सोयरीक जमतीय व्हय? सख्खी भैण बोलवा."

मेहकरहून मावशी आली. तिचा नमुना जुळला. तिकडं वॉर्डात रक्त कमी पडून आईला धाप लागली होती.

"सकाळपासून पाणीबी घेतलं न्हाई," मावशी अभिमानानं म्हणाली.

"कामून, अक्का?"

"रक्त द्यायचं म्हंजे पोट रिकामंच पाहिजे की."

अण्णांनी सुई बाजूला ठेवली आणि स्वतःच्या डब्यातली भाकरी तिच्या हातात दिली. "खावा. तुम्ही चक्कर येऊन पडलात तर तुमच्यासाठी कुणाला हुडकू?" मी चिडलो, तरी त्यांनी तिला खाऊन थोडं बसू दिलं, मगच रक्त घेतलं.

आई घरी आल्यावर मी त्यांना पत्र लिहिलं: "अण्णा, आई आता चालायलीय. माझं रक्त तिला जुळलं नाही, पण दुसऱ्या कुणाला जुळलं तर कळवा. हुमनाबादहून मिळेल त्या बसनं निघतो."