पंगत उठेपर्यंत

नागपूरला अल्सरचं ऑपरेशन झालं, त्यात डॉक्टरांनी माझं अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकलं. "पोट आता लहान झालंय. थोडं खा, चावून खा, जेवताना पाणी पिऊ नका," एवढं सांगून त्यांनी मला सोडलं. छोट्या रेल्वेगाडीने नागभीडला उतरून मी गावी आलो. एटापल्लीला वनखात्यात कारकुनी करताना मी चहा-विड्यांवर दिवस काढले होते, त्याचं हे फळ. आता रजा टाकून आईच्या हातचं खायचं आणि अंगावर जरा मांस चढवायचं, असा बेत होता.

आई माझ्यासाठी आजाऱ्याचं जेवण करायची, मऊ भात आणि पातळ वरण. आमच्या धानाच्या मुलखात भाताइतकं हलकं काही नाही, असं लहानथोर सगळे मानतात. भात आम्ही चावतही नाही. वरणात कालवायचा, घास करायचा आणि गिळून टाकायचा. चार घास गेले की माझी छाती दाटून यायची, तोंडात पाणी जमायचं आणि मी उठून परसात धावायचो. भात जसा गेला तसाच बाहेर. आईला वाटे, भात कडक राहिला. दुसऱ्या दिवशी ती तो आणखी शिजवायची, आणखी वरण ओतायची. मी तिच्यावर चिडायचो आणि नंतर मलाच रडू यायचं.

त्यातच धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. वडील नव्हते, म्हणून पंगतीत मुलाच्या मामाशेजारी मी बसलो. शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत आमच्याकडे पंगत उठत नाही. मधूनच उठलेला माणूस लोकांच्या ध्यानात राहतो. मी उठलो. घरामागे वाकलो होतो, तर मामा मागोमाग आलेले.

"काऊन गा, काय झालं?"

"काई नाई मामाजी. पोटाचं ऑपरेशन झालं ना."

निघताना त्यांनी आईला स्पष्टच सांगितलं, "बाई, घरात काई मोठा रोग तं नाई ना? पोराले आमच्याकडे जेवाले पाठवा. आमच्या पंगतीत नीट जेवला, तं तारीख काढू."

बहीण चुलीपाशी बसून ऐकत होती. तिला मुलगा आवडला होता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझ्या उलटीपायी तिचं लग्न मोडणार, म्हणून आधी मी घाबरलो. मग रागच आला. हातभर पोट फाडून जगलो, आणि आता ताटभर भातापुढे हार मानू?

डॉक्टरांचं बोलणं आठवलं, पातळ वरण म्हणजेही पाणीच; दुसऱ्या दिवशी वरणाची वाटी मी बाजूला सारली. आई म्हणाली, "कोरडा भात घशात अडकन बापू." मी ऐकलं नाही. चिमूटभर भात तोंडात घ्यायचा, त्याचं शीत शीत विरघळेपर्यंत चावायचं, मग हात मांडीवर ठेवून थांबायचं. छाती मोकळी वाटली तरच पुढची चिमूट. बहीण समोर बसायची. "दादा, म्हैसबी तुह्यापेक्षा लवकर खाते," म्हणायची, पण माझं होईपर्यंत उठायची नाही. कधी तरीही उलटायचं. मग मी तोंड धुऊन पुन्हा ताटावर बसायचो. हळूहळू परसातल्या फेऱ्या कमी झाल्या.

ठरल्या दिवशी मुलाच्या अंगणात पंगत बसली. पत्रावळीवर भाताचा ढीग, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मामा माझ्या शेजारीच. मी वाढणाऱ्याला सांगून निम्मा भात काढायला लावला आणि चावायला सुरुवात केली. आजूबाजूच्यांचं झालं. त्यांची बोटं वाळली. कोणी खाकरलं, कोणी पत्रावळीची काडी मोडत बसलं. माझ्यापुढे अजून भात होता. मला भीती वाटत होती. घाई केली तर उलटणार, आणि टाकून उठलो तर मामांना ज्याची शंका होती तेच दिसणार. मी मान खाली घालून चावत राहिलो.

"आटपा ना पाव्हणे," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

मामांनी आपला वाळलेला हात वर केला आणि वाढणाऱ्याला बोलावलं. "मले थोडा भात टाक. माझंबी जेवण व्हाचं हाये." त्यांची पत्रावळ चाटूनपुसून स्वच्छ झालेली मी पाहिली होती.

त्यांनी चिमूटभर भात तोंडात घेतला आणि माझ्यासारखाच सावकाश चावू लागले. आम्ही दोघं सोबत जेवलो. माझं शेवटचं शीत संपलं तेव्हा त्यांनीही हात झटकला. मग पंगत उठली, आणि मी सगळ्यांबरोबर उठलो.