राखेची चव

भिगवणहून आणलेले मासे सून साफ करत होती. ओल्या गाळाचा वास आला आणि पंचवीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी ओसरलं की आमच्या बुडालेल्या जुन्या घराचा उंबरा गाळातून वर येतो. त्याला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायची आमच्या घरची रीत आहे. त्या वर्षी सासूबाई आणि मी दोघीच गेलो होतो. पोळ्या माझ्या हातच्या. नैवेद्य दाखवून त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, “तुज्या हाताला राखेची चव हाय.”

हे वाक्य मी तीन वर्षं रोज ऐकत होते. त्या दिवशी उत्तर तयार होतं : उद्यापासून आमची चूल वेगळी. मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोक्यावर पदर ओढला. उंबऱ्यापलीकडे, जिथं पूर्वी चूल होती तिकडं बघत, त्या कोवळ्या आवाजात म्हणाल्या, “चुकलं, आत्याबाई. उद्या नीट करीन.”

त्यांच्या सासूबाई जाऊन कैक वर्षं झाली होती. तिथं ओल्या गाळाशिवाय काही नव्हतं. मी उत्तर गिळलं. “ऊन वाढलं, आत्या. हात द्या, चला,” एवढंच म्हणाले.

आज सुनेनं कालवण वाढलं. पहिल्याच घासाला राखेचं ते वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी आधी पाणी प्यायले, मग म्हणाले, “मीठ जरा कमी हाय, बाकी झकास.”

“घ्या की वरून, आत्या,” सून हसली.

तेव्हा लक्षात आलं, माझ्या डोक्यावर पदर होता. तो मी कधी घेतला, ते आठवेना.