अहवालात खोचलेला पेन

तहसील कार्यालयातला तो बाबू आपला पेन कुणालाच देत नसे. मागितला की म्हणे, "घरून आणत जा नं बाई. सरकार इथी फक्त कागद देते."

अणुवीज प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल आला तेव्हा मी नुकतीच ग्रामपंचायतीत निवडून आले होते. दहावी पास, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. अहवाल उशीएवढा जाड, सगळा इंग्रजीत. 'वाचला, हरकत नाही' असं लिहून सही करायची होती.

"वाचलं का, बाई?"

"मले वाचता येत नाई वाटते का तुमाले?"

त्यानं आपला पेन अहवालाच्या मधोमध खोचला आणि गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. या महाराणीनं पेन तेवढा उपसला आणि झोकात सही ठोकली.

प्रकल्प अजून आला नाही. आजी झाल्यावर आमच्या नाल्यावर बंधारा मागायला गेले, तर निवृत्तीला टेकलेल्या त्याच बाबूनं तोच अहवाल काढला. मधोमध गावाचा नकाशा होता, त्यावर शाईचा जुना डाग. बारमाही वाहणारा नाला नकाशात नव्हताच.

"कागदात नाला नाई, तं बंधारा कुठी बांधू? अन् सही तुमचीच हाये."

"तवा सांगितलं काऊन नाई?"

त्यानं डागावर बोट ठेवलं. "पेन इथीच ठेवला होता, बाई."