पांढरा साका

"महाराचा हात लागला. नळीसुद्धा नासली!"

वाशीमच्या शाळेत रसायनाच्या मास्तरानं हे भर वर्गात म्हटलं. पोरं फिदीफिदी हासली. मी मॅट्रिकच्या वर्गात होतो, मेडशीवरून आलेला. वर्गात महार मी एकटाच.

झालं असं. टेबलावरून काचेची नळी गडगडत आली. म्या ती झेलली अन् परत ठेवली. मास्तरानं शिपायाकडून ती विहिरीच्या पान्यानं तीनदा धुवून घेतली. झालं सोवळं! बुडाशी थोडं पानी तसंच राह्यलं. मंग तीत सोडियम नायट्रेट ओतलं, वरून सिल्व्हर नायट्रेट. नायट्रेट सारे पान्यात विरघळतात, साका बसत नाई, हे त्यायनंच शिकवलं होतं. पन नळीत पांढरं गढूळ झालं.

मास्तर म्हणाले, "फरशीवर नाक घास. नाहीतर उद्यापासून शाळेत येऊ नकोस."

बापानं लोकायची लाकडं फोडून मले इथवर आनलं होतं. नाव कटलं की त्याच्या कष्टाचं मातेरं. मी वाकलोबी. तेवढ्यात नळीकडं नजर गेली. सिल्व्हरमंधी मिठाचं पानी पडलं की पांढरा साका बसतो, हाबी त्यायचाच नियम. मंग मीठ आलं कोठून? अन् विहिरीचं पानी तर चवीलेच मचूळ!

मी उभा झालो. "मास्तर, खोट माह्या हाताची नाई. धुतल्या पान्यात मीठ हाये. कोरडी नळी घ्या. मी दूर उभा राह्यतो. तुमच्या प्यायच्या तांब्यातलं पानी टाका. तेबी त्याच विहिरीचं, पांढरं होईन."

"तू मला शिकवतोस?" चिडून त्यायनं तांब्यातलं पानी घेतलं. सिल्व्हरचे दोन थेंब टाकले. पांढरं झालं. सारा वर्ग पाहून राह्यला होता.

मास्तरानं नळी मोरीत रिकामी केली. म्हणाले, "नियम नियमाच्या जागी. नाक घास."

थू! मले शिसारी आली. अडाणी असता तर समजलो असतो. ह्या मानसाले सारं ठाऊक होतं, डोयानं पाह्यलंबी होतं, तरी माहं नाक फरशीवरच पाह्यजे होतं.

म्या घासलं नाई. म्हन्लं, "नाव काटा. पन कारन लिहा. वर्गानं पाह्यलं तेच लिहा."

त्यायनं लेखनी उचलली नाई. दुसऱ्या दिवशी मी पयल्या बाकावर जाऊन बसलो. शेजारचा उठून गेला. जाऊ दे.

तवापासून, माह्या हातानं नासलं म्हननाऱ्याले मी एकच सांगतो: माह्या डोयासमोर पुन्हा करून दाखव. माफी मी मागत नाई.