अनुभव निल

चौदा तारीख, मंगळवार. सकाळी बेगम बाजारात होते. डांबर टाकण्याआधी जुना रस्ता घासून झाडावा लागतो, त्यासाठी तारेचे ब्रश आणि खराटे घेत होते. तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला. नव्या रस्त्याचं माझं टेंडर छाननीत बाद. खराटे काखेत घेऊन तशीच रस्ते खात्याच्या ऑफिसात गेले.

इंजिनियर साहेबांनी खराट्यांकडे पाहिलं.

"झाडूवाली को अंदर कौन छोड़ा?"

समोरच्या खुर्चीतला माणूस हसला. टेंडर त्यालाच मिळालं होतं.

"अरे साब, ये अक्का हमारी है."

हमारी. खुर्ची कुणी दिली नाही. मी उभ्यानंच विचारलं, बाद का? साहेबांनी छाननीचा कागद सरकवला. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, अनुभव: निल.

"लेबर लाना अलग, रोड बनाना अलग, अम्मा."

मी वरची ओळ वाचली. ती त्या खुर्चीतल्या माणसाची. त्याच्या अनुभवात गावाबाहेरच्या कॉलनीचा दोन किलोमीटरचा रस्ता दाखवला होता.

तो रस्ता मी बांधलाय.

आमच्यात याला पेटी काम म्हणतात. टेंडर मोठ्याच्या नावावर, रस्ता आमच्या हातचा. असं काम दुसऱ्याला द्यायला सरकारची परवानगी नसते, म्हणून कागदावर मी फक्त मजूर पुरवणारी. अकरा वर्षं हेच केलं. त्या कॉलनीत हेच साहेब आले होते आणि मलाच विचारलं होतं, डांबर किती गरम आहे? मी थर्मामीटर लावून दाखवला होता.

आणखी एक सांगायला हवं. पहिल्या कामाच्या वेळी मी याच ठेकेदाराला म्हटलं होतं, कागदावर माझंही नाव घाला. तो म्हणाला, "तुम्हारे लोगां का हाथ मेहनत का, अक्का. दस्तखत हम पे छोड़ो." तुम्हारे लोगां म्हणजे कोण, ते मला कळलं होतं. माझी आई मराठवाड्यातून इथं खडी फोडायला आली. तिला पाणी वरून, ओंजळीत मिळायचं. हे सगळं माहीत असून मी त्या दिवशी हसले. चहा प्याले. त्याच्या बोलण्यापेक्षा माझ्या त्या हसण्याची मला जास्त लाज वाटते.

दुपारी नारायणगुड्याला वकीलबाईंकडे गेले. साइटची वही पुढे ठेवली. कुठल्या दिवशी किती लांबीवर डांबर पडलं, सगळं माझ्या अक्षरात.

त्यांनी वही मिटली. "ताई, पुरावा पक्का आहे. पण हायकोर्टात हा दाखवला की विनापरवाना काम केल्याचं तुम्हीच सांगितल्यासारखं होतं. त्या ठेकेदाराबरोबर तुम्हीही काळ्या यादीत जाल. मग लहानसं टेंडरसुद्धा भरता येणार नाही. हा मुद्दा सोडून केस लढू या का?"

"मग केसमध्ये उरतं काय?"

"फारसं नाही."

"मग वहीसकट लिहा."

संध्याकाळी ठेकेदाराचा फोन आला. त्याला कुणी सांगितलं, देव जाणे.

"अक्का, कोर्ट-बिर्ट नक्को करो. काम तुमकोच करना है, हमेशा के जैसा."

"बोर्ड पे नाम किसका?"

तो खो खो हसला. "रोड का बोर्ड कौन पढ़ता, अक्का?"

"मैं पढ़ती."

"ब्लॅकलिस्ट हुए तो हमारे पास नक्को आना."

"नहीं आती," म्हटलं, आणि फोन ठेवला. टोळीतल्या बायांना सांगितलं, आजपासून पेटी काम बंद. दोघी म्हणाल्या, मग आम्ही दुसरीकडे जातो. जा म्हटलं. त्यांना घर चालवायचंय, मलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वकीलबाईंकडे पोचले. शपथपत्र इंग्रजीत तयार होतं. ओळीओळीवर बोट ठेवून त्यांच्याकडून मराठीत समजून घेतलं. सातव्या परिच्छेदात होतं, हा रस्ता परवानगीशिवाय बांधला हे मी कबूल करते.

"कबूल काढा," मी म्हटलं. "चोर कबूल करतो. हा रस्ता मी बांधला, असं सरळ लिहा. परवानगी नव्हती, तेही लिहा."

त्यांनी कागद पुन्हा छापला. मी तो घेऊन नोटरीसमोर शपथेसाठी उभी राहिले.