भावाच्या वहीतली शेवटची सिगार

माझ्या थोरल्या भावाचं स्वरयंत्र नागपूरच्या एका दवाखान्यात काढलं, त्या उन्हाळ्यात त्याची सिगारची पेटी माझ्याकडे अमरावतीला होती.

भाऊ जहाजावर इंजिनखात्यात होता. तिवशाजवळ आमचा मळा. वांगी, कोथिंबीर आणि दोन वावरं शेवंतीची. भाऊ लहान असताना बाबा त्याला तोडलेल्या शेवंतीच्या ढिगापाशी उभं करायचे, आणि हात न लावता तो सांगायचा की खालची फुलं तापली आहेत. त्याच्या नाकावर बाबांचा मोठा विश्वास. पुढे जहाजावर एका म्हाताऱ्या इंजिनियरनं त्याच्या हातात सिगार दिली आणि त्या नाकाला कामच सापडलं. प्रत्येक सिगार ओढली की तो वहीत लिहायचा. बांधणी, ओढ, राख, चव, शेवट असे रकाने, आणि शेवटी शंभरपैकी गुण. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठीचे पेपर तपासले, पण इतका हात आखडता मलाही कधी घेता आला नाही. ब्याण्णवच्या वर त्यानं कुणाला जाऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतर तो अकोल्याला जठारपेठेत राहायला आला. शेवटच्या सफरीतून त्यानं एक सिगार आणली होती. एकाच वर्षाच्या पानांची, मोजक्याच पेट्या निघालेली, कागदी पट्टीवर नंबर छापलेला. पुन्हा ती बनणार नव्हती. सहा वर्षं त्यानं ती पेटीत नुसती ठेवली. कधी ओढणार म्हणून विचारलं की म्हणायचा, "अजून कवळी आहे."

मग घसा बसला, तो बसलाच. कशानं झालं हे डॉक्टरांना सांगावं लागलं नाही, आम्हालाही विचारावं लागलं नाही.

नागपूरला निघण्याआधी त्यानं पेटी माझ्याकडे दिली. वहिनी त्याच्यासोबत जाणार होती, घर बंद राहणार होतं. तेव्हा त्याचा थोडा घोगरा आवाज उरला होता. "बाई, आठ दिवसातून एकदा या स्पंजावर चमचाभर पानी टाकजो. हा ओलाव्याचा काटा खाली जाऊ देऊ नको. आपल्याकडचं ऊन वैरी आहे तिचं." माझ्याशी तो आवाजात बोलला ते हे शेवटचं.

तीन आठवडे मी पाणी घातलं. मग ऑपरेशन झालं, माझ्या नागपूरच्या फेऱ्या सुरू झाल्या, आणि पेटी कपाटावर, स्लॅबच्या खाली राहून गेली. आठवण झाली तेव्हा जून लागला होता. काटा पार तळाला होता. मी घाईनं स्पंज भिजवला. दोन दिवसांत काटा वर आला आणि मला वाटलं, भागलं. पेटी परत देताना मी काही बोलले नाही.

हिवाळ्यात वहिनीचा फोन आला. "तुमच्या भावानं लिहून दिलं आहे, बाईले म्हना ये. ती सिगार प्यायची आहे."

"कोणाला?"

"तुम्हाला," वहिनी म्हणाली. "मी नाही म्हटलं होतं. दोन दिवस जेवले नाहीत."

मी जन्मात कधी विडीलाही तोंड लावलं नव्हतं. तरी गेले. जायच्या आदल्या दिवशी त्याच्या दोन जुन्या वह्या काढून वाचल्या, परीक्षेला बसल्यासारख्या. त्या तेवढ्या माझ्याकडे राहिल्या होत्या.

भाऊ निम्मा झाला होता. गळ्याशी भोक, त्यातूनच श्वास. नाकातून हवा जात नव्हती, म्हणून वासही गेला होता. हे मला त्या दिवशी कळलं. मी समजत होते फक्त आवाज गेला. मांडीवर पांढरी पाटी आणि हातात मार्कर. लिहायचाही तो बोलल्यासारखंच. लिहिलं, "फोडणी जळली तरी मले समजत नाही."

दुपारी चारला आम्ही गॅलरीत बसलो. वहिनीनं त्याची खुर्ची वाऱ्याच्या बाजूला, माझ्यापासून लांब ठेवली, गळ्यावर ओला रुमाल बांधला आणि आत निघून गेली. भावानं स्वतः पेटी उघडली. सिगार कानाशी नेऊन दोन बोटांत हळूच दाबली. मग टोक कापलं. कापताना वरचं पान जरासं चिरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. काडी ओढून त्यानं सिगार ज्योतीवर लांबून फिरवली, माझ्या हातात दिली आणि लिहिलं, "धूर पोटात घेऊ नको. तोंडात धर, सोड, मंग सांग."

पहिल्या झुरक्याला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला जिभेच्या शेंड्याला काहीतरी चावलं.

"मिरी आहे," मी म्हटलं. "आणि तुराट्या जळतात तसं."

"नव्या का जुन्या?"

"जुन्या. पाऊस लागून वाळलेल्या."

त्यानं मान डोलावली आणि वहीत लिहिलं. त्याचा चेहरा खुलला होता. मला बरं वाटलं. पुढे भाजलेल्या शेंगदाण्याची टरफलं आली, आणि एकदाच, अगदी पुसट, संत्र्याची साल चुलीत पडल्यावर येतो तसा वास. ते सांगितलं तेव्हा त्यानं डोळे मिटले.

पण सिगार भराभर जळत होती. राख धरत नव्हती, माझ्या लुगड्यावर पडत होती. अर्ध्यावर येईतो तोंड पोळायला लागलं आणि कडूपणाखेरीज काही लागेना. तो मार्कर धरून वाट पाहत होता. मी म्हटलं, "आता कॉफी आहे. मागून थोडं चॉकलेट, आणि चामड्यासारखं काही."

त्यानं लिहिलं, "तू चामडं कवा खाल्लं?"

मी लुगड्यावरची राख झटकली.

पाटी पुसून त्यानं पुन्हा लिहिलं, "वहीतलं नको सांगू. तोंडातलं सांग."

"कडू लागून राहिलं, भाऊ. नुसतं कडू. तोंड भाजते." आणि मग मला थांबता आलं नाही. "मी पानी टाकलं नाही. मे महिनाभर पेटी तशीच होती. मंग स्पंज भिजवला आन तुले सांगितलं नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. भावानं दोन ओळी लिहिल्या. "मले मालूम आहे. जूनमंदी हातात घेतली तवाच समजलं. हलकी झाली होती."

"मंग काहून प्यायला लावली मले?"

"दुसरी कोठून आनू?"

रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं फक्त खूण केली, ओढ. मी ओढली. बोटांना चटका बसेपर्यंत ओढली आणि जे लागलं तेच सांगत गेले. कडू. करपलेला गूळ. जळका कागद. परत कडू. तो सगळं लिहून घेत होता, एकही शब्द न गाळता.

शेवटी त्यानं बेरीज केली. एक्क्याऐंशी. मी म्हटलं, नव्वद तरी दे, सहा वर्षं सांभाळली. त्यानं मान हलवली. शेऱ्याच्या जागी लिहिलं, "ठेवण्यात कोरडी पडली. बनवनाऱ्याचा दोष नाही." कुणाचा ते लिहिलं नाही. त्याखाली दोन रेघा मारल्या आणि वही मिटली.

संध्याकाळच्या गाडीनं मी अमरावतीला निघाले. केसांना, पदराला धुराचा वास येत होता. शेजारची बाई मूर्तिजापूरला उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. मला कळत होतं की त्याला आधीच माहीत असलं तरी, पेटी परत देताना मी तोंडानं खरं सांगितलं असतं तर त्यानं ती उघडली तरी नसती. ते बरं झालं असतं की वाईट, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही, आजही येत नाही.

भाऊ पुढच्या उन्हाळ्यात गेला. दुखणं फुप्फुसात उतरलं होतं. शेवटच्या आठवड्यात पाटीवर लिहायचीही ताकद नव्हती. मी काही बोलले की डोळ्यांनी हो-नाही सांगायचा. एकदा मी विचारलं, माझा राग आहे का. त्यानं नाही म्हटलं. पण त्या दिवसांत तो सगळ्यालाच नाही म्हणत होता, पाण्यालाही.

तेरवी झाल्यावर पाहुणे गेले, घर झाडून झालं. वहिनी गॅलरीच्या उंबऱ्यात बसली होती. त्या धुरावरून ती त्याच्याशी तीस वर्षं भांडली होती, पडदे धुऊन धुऊन विरले होते. मी शेजारी बसले.

"नवीन पडदे लावले मागच्या महिन्यात," ती म्हणाली. "कशाचाच वास येत नाही त्यांना."

मग ती उठली आणि दोघींसाठी चहा ठेवायला आत गेली.